प्राथमिक विज्ञानाचे शिक्षक घडवायचे असतील तर आधी चौथीच्या वर्गात बसा

शिक्षणशास्त्र (बी.एड.) महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या माझ्या पहिल्या मुलाखतीत समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळली तर लवकर वितळेल की उशिरा, असं चौथीतल्या मुलाला विचारलं तर ते काय म्हणेल?" मी उष्णतेच्या वहनावर बोलायला लागले. त्यांनी मला थांबवलं. "उत्तर मला ठाऊक आहे हो. मूल काय म्हणेल ते सांगा."

मला सांगता आलं नाही. रसायनशास्त्रातली एम.एस्सी., एम.एड., सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा), सगळं गाठीशी होतं. पण चौथीच्या वर्गात मी सलग आठवडाभरही कधी बसले नव्हते. ती जागा मला मिळाली नाही. योग्यच झालं.

पात्रतेचं आधी सांगून टाकते. शिक्षणशास्त्र महाविद्यालयात विज्ञान अध्यापन पद्धती शिकवायची तर विज्ञानातली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्हींत ५५ टक्के लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. सोबत शिक्षणशास्त्रातली नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. पूर्णवेळ नेमणुकीत मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. मात्र त्याआधी बहुतेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरची काही वर्षं येतात. माझ्या वाट्याला चार आली. सुट्टीत मानधन नाही आणि जूनमध्ये पुन्हा नव्याने अर्ज. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. संशोधनाकडे ओढा असेल तर मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मुलं विज्ञान कसं समजून घेतात यावर तिथे पीएच.डी. करता येते, हे आपल्याकडच्या कित्येक एम.एस्सी.वाल्यांना माहीतच नसतं.

आणखी एक गोष्ट अर्ज भरण्याआधी नीट समजून घ्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते पाचवीचा शिक्षक होण्यासाठी बी.एड. ही पात्रता नव्हे, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) हवं. त्यामुळे तुम्हाला प्राथमिकचे शिक्षक घडवायचे आहेत की सहावीपासून पुढचे, यावर डी.एल.एड.च्या संस्थेत अर्ज करायचा की बी.एड.च्या महाविद्यालयात ते ठरतं. तिसरी ते पाचवीला आपल्याकडे 'विज्ञान' नावाचा विषयच नाही, परिसर अभ्यास आहे. एम.एस्सी. करून आलेल्याला तो किरकोळ वाटतो. मलाही वाटायचा.

मुलाखतीनंतर मी रत्नागिरीतल्या नगर परिषदेच्या एका शाळेत परवानगी काढून आठवड्यातून दोन दिवस जाऊ लागले. शहरी शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई-पुणे येतं. इथे एकाच वर्गात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलं, बोटीवरच्या नेपाळी खलाशाचा मुलगा आणि कर्नाटकातून बांधकामावर आलेल्या कुटुंबांतल्या दोघी बहिणी होत्या. पुस्तकातलं शेत त्यांच्यापैकी निम्म्यांनी पाहिलेलं नव्हतं. मिरकरवाड्याची जेटी मात्र सगळ्यांच्या पायाखालची.

बर्फाचा प्रश्न मी तिथे विचारला. बहुतेक म्हणाले, गोणपाट गोधडीसारखं गरम करतं, बर्फ लवकर वितळणार. ज्याचे वडील बोटींना बर्फ पुरवतात तो एकटाच म्हणाला, "उशिरा." का, ते त्याला सांगता येईना. मग दोन सारखे तुकडे घेतले, एक गुंडाळला, एक उघडा ठेवला आणि तासभर सगळे टक लावून बसलो.

भरतीचा तास याहून मोठा निघाला. आपल्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचा एक ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पाचवीतल्या एका मुलीला आजोबांनी तो शिकवलेला. तिने फळ्यावर पंधराही तिथ्या मांडल्या आणि अडली. "मॅडम, पौर्णिमेला सव्वाअकरा, दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण वाजता. रोज पाऊण तास पुढे जातं ना? मग आज दीड तास कसा?"

मी उत्तर दिलं नाही. आतापर्यंत मी घेतलेला हा एकच निर्णय मला मनापासून अभिमानाचा वाटतो. दोन दिवस वर्ग त्यावर झटला. पंधरवड्यात भरती घड्याळात बारा तास पुढे सरकते, ते बारा तास पंधरा तिथ्यांत वाटले तर प्रत्येकीला ४८ मिनिटं येतात आणि आजोबा ४५ धरतात, हे शेवटी एका मुलानेच शोधलं. रोजची तीन मिनिटं साचून पंधरा दिवसांत पाऊण तास होतो. चंद्र रोज उशिरा का उगवतो, उधाण अमावास्या-पौर्णिमेलाच का आणि अष्टमीला भांग (सगळ्यात कमी भरती-ओहोटी) का, हे प्रश्न मग आपोआप आले. आजोबांचा हिशेब चुकीचा ठरवायची गरज कुणालाच भासली नाही. होडी काढायला तो पुरतो.

आता माझ्या छात्राध्यापकांकडून मी आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या सरावाच्या काळात, पाठ टाचणाच्या आधी एक वेगळी वही भरून घेते: आज मुलं काय म्हणाली, त्यांच्याच शब्दांत. तुम्हीही ती आजपासून सुरू करा. नोकरीची वाट पाहू नका. दहा-बारा मुलांशी केलेल्या गप्पा चालतील. शेजारच्या मुलांपासून सुरुवात केलीत तरी चालेल.

प्रात्यक्षिक पाठासाठी बोलावलं की बहुतेक उमेदवार तीस स्लाइड घेऊन येतात. दुसऱ्या मुलाखतीला मी त्या मुलीने केलेल्या तिथींच्या तक्त्याचं एक पान नेलं. समितीने त्याच पानावर वीस मिनिटं प्रश्न विचारले. इथे तुम्ही काय बोललात, गप्प का राहिलात, ज्या मुलांना आकडेमोड जमत नव्हती त्यांचं काय केलंत. या शेवटच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि मी ते तसंच सांगितलं. उठताना अध्यक्षांनी विचारलं, "मुलीचं पान तिला परत करणार ना?" ती झेरॉक्स होती. वही तिच्याकडेच होती.