काऊ तव्यावर बसला की खीर खाऊन गेला? लोककथांचा छोटा गेम करताना

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. इथपर्यंत सगळ्यांची गोष्ट सारखी असते. मोठा पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो चिऊचं दार वाजवतो आणि ती म्हणते, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’ पुढे मात्र माझ्या आजीचा काऊ तापलेल्या तव्यावर बसून भाजतो, कोथरूडच्या मावशीचा रात्रभर बाहेर कुडकुडतो, आणि आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका, मूळचे बुलढाण्याकडचे, त्यांचा काऊ आत शिरून सगळी खीर फस्त करतो. लोककथांवर गेम करायचा असेल तर हे फरक जिवापाड जपा. गेम त्यांच्यावरच उभा राहतो.

ही गोष्ट मला २०१८ साली आलेल्या ‘व्हेअर द वॉटर टेस्ट्स लाइक वाइन’ या गेमनं शिकवली. महामंदीतली अमेरिका. तुम्ही एका लांडग्याशी पत्त्यांत हरता आणि ते देणं फेडायला देशभर पायी फिरत गोष्टी गोळा करता. लांडग्याला आवाज आहे गायक स्टिंगचा. शेकोटीपाशी वाटसरू भेटतात, एकूण सोळा. कुणाला भीतीची गोष्ट हवी, कुणाला आशेची. तुम्ही सांगितलेली गोष्ट पुढे तोंडोतोंडी फिरते आणि भलत्याच गावात, तिखटमीठ लागून, तुमच्याच कानावर परत येते. तेव्हा तिचं वजन वाढलेलं असतं. पुण्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, पण ‘ध’चा ‘मा’ आणि ‘काका, मला वाचवा’ शनिवारवाड्यापाशी आजही प्रत्येक जण आपापल्या परीनं सांगतो.

तर सुरुवात अशी करा. एकच गोष्ट निवडा आणि ती तीन माणसांकडून ऐका. ‘लोककथा सांगा’ म्हटलं की माणसं अवघडतात. त्यापेक्षा अर्धी गोष्ट आपण सांगायची, तीही जराशी चुकवून. मी आजीला म्हटलं, ‘मग चिऊनं लगेच दार उघडलं ना?’ हातातली मेथीची काडी तशीच ठेवून ती म्हणाली, ‘लगेच कशी उघडेल? बाळाची आंघोळ राहिलीय की अजून.’ पुढची वीस मिनिटं ती थांबली नाही.

फोनवर रेकॉर्डिंग करा, पण आधी विचारून, आणि स्वयंपाकघरात मुळीच नको. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये काऊ तव्यावर बसतो नेमक्या त्या वाक्यावर कुकरची शिट्टी आहे. परत सांगताना आजीनं ते वाक्य बदललं. पहिलं गेलं ते गेलंच.

गोष्ट संपली की विचारा: तुम्हाला ही कुणी सांगितली, आणि तेव्हा कुठे बसला होतात? मावशीनं ती मुळशीला, लावणीच्या दिवसांत, पत्र्यावर पाऊस वाजत असताना ऐकली होती. तिच्या काऊचं कुडकुडणं तिथलं असावं असं मला वाटतं. सांगणाऱ्याचं गाव गोष्टीपासून तोडू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी पुण्यातूनच काम करत जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्याही गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. लिहून काढतानाही भाषा ‘शुद्ध’ करायची नाही.

गेम बांधायला ट्वाइन घ्या, म्हणजे लिंकवर क्लिक करत पुढे जाणाऱ्या गोष्टी बनवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, देवनागरी नीट दिसते. गोष्टीचा एक तुकडा म्हणजे एक पॅसेज. शब्दांना दुहेरी चौकोनी कंस घातले की तिथून पुढच्या पॅसेजची लिंक तयार. स्टोरी फॉरमॅट, म्हणजे गोष्ट कशी चालेल हे ठरवणारा साचा, शुगरक्यूब ठेवा, कारण खेळणाऱ्यानं कुणाकडून काय ऐकलं हे व्हेरिएबलमध्ये, म्हणजे माहिती लक्षात ठेवणाऱ्या नाव दिलेल्या कप्प्यात, साठवायचं आहे. व्हेरिएबलचं नाव डॉलरच्या चिन्हानं सुरू होतं आणि ते इंग्रजी अक्षरांतच द्यावं लागतं.

माझ्या गेममध्ये पायरीवर एक मुलगा बसलेला असतो. तो कधी भीतीची गोष्ट मागतो, कधी झोपायची. तुम्ही ऐकलेलेच शेवट तुमच्या हाती असतात. भीतीला तवा चालतो, झोपेला खीर. मग दोन आळ्या ओलांडून गेलात की त्याची ताई तीच गोष्ट तुम्हाला सांगते, बदललेली. सगळ्यात जास्त वेळ या पॅसेजला द्या. तो जमला नाही तर बाकीचं नुसतं वाचन उरतं.

ब्राउझरमधलं काम त्या ब्राउझरपुरतंच साठवलेलं असतं, त्याचा डेटा पुसला की तेही जातं. म्हणून रोज आर्काइव्ह, म्हणजे सगळ्या कामाची प्रत असलेली फाइल, उतरवून ठेवा. पूर्ण झाल्यावर पब्लिश केलं की एकच एचटीएमएल फाइल मिळते. ती सगळ्यात आधी ज्यांनी गोष्ट सांगितली त्यांना दाखवा.

ताईचं वाक्य मला बरेच दिवस सुचत नव्हतं. सोसायटीतल्या नऊ वर्षांच्या एका मुलीनं तव्याचा शेवट खेळला आणि आपणहून म्हणाली, ‘म्हणून कावळा काळा झाला.’ तिला विचारून मी ते ताईच्या तोंडी घातलं. आजीनं माझ्या फोनवर गेम पाहिला, ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. आता तीही गोष्ट तिथेच संपवते.