वरच्या मजल्यावरच्या भिंतीखालच्या फळ्या बदलताना या चुका टाळा

लाकडी जमिनीची फळी अनेकदा आतल्या भिंतीखालून सलग पलीकडच्या खोलीत गेलेली असते. ती अख्खी बाहेर काढण्याचा हट्ट ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. पार्टिशन, म्हणजे ही आतली भिंत, बहुधा फळ्या ठोकून झाल्यावर त्यांच्यावरच उभं केलेलं असतं. पहार लावून फळी ओढली की भिंतीची तळपट्टी (तिच्या तळाचं आडवं लाकूड) हलते, प्लास्टर तडकतं, दार चौकटीत अडकू लागतं. भिंतीखालचा तुकडा घट्ट आणि कोरडा असेल तर तो तिथेच राहू द्या. फळी भिंतीच्या अलीकडे कापा.

त्याआधी भिंतीवर वरचा भार आहे का ते पाहा. छपराचे टेकू किंवा वरच्या तुळया तिच्यावर बसल्या असतील, खाली बरोबर त्याच रेषेत भिंत असेल किंवा भिंत विटांची असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करवत लावू नका. काही जुन्या घरांत तिरक्या लाकडांची कैचीवजा पार्टिशनं असतात आणि खालची जमीनच त्यांना लटकलेली असते. हे बाहेरून दिसत नाही.

फळी कुठे कापायची, हे फळ्यांखालच्या तुळयांच्या दिशेवर ठरतं. भिंत तुळयांना समांतर असून दोन तुळयांच्या मध्ये उभी असेल, तर तिचा भार फक्त फळ्यांवर असतो. अशा वेळी दोन्ही बाजूंनी भिंतीलगत कापलं तर भिंत अधांतरी राहते. आधी एकच बाजू उघडा आणि जवळच्या तुळईपाशीच कापा. मग भिंतीखाली दोन तुळयांमध्ये ५०×१०० मिमीचे आडवे ठोकळे साधारण ४०० मिमी अंतराने, फळीच्या पोटाला टेकतील असे बसवा. भिंतीलगतचा काप त्यानंतरच घ्या. भिंत तुळयांना आडवी असेल तर काम सोपं: फळ्या भिंतीच्या दिशेनेच जातात आणि प्रत्येक तुळईवर टेकतात.

कापलेलं टोक हवेत सोडू नका. तुळईच्या बगलेला ५०×५० मिमीची पट्टी, वरच्या कडेशी समपातळीत, गोंद आणि ८० मिमीच्या स्क्रूंनी बसवा. पट्टी उघडलेल्या जागेपेक्षा दोन्हीकडे ५० मिमी लांब असावी. नुसते खिळे मारले तर ते हळूहळू सैल होतात आणि पाय पडला की जमीन करकरते.

गोल करवत भिंतीच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाही. शेवटचा काप मल्टिटूलने (थरथरत्या छोट्या पात्याचं हत्यार) घ्या. पातं फळीच्या जाडीइतकंच खाली सोडा, कारण वायरी आणि पाइप अनेकदा तुळईच्या वरच्या खाचेतून गेलेले असतात. वीज आणि पाणी बंद करूनच सुरुवात करा.

नवी फळी जुन्यापेक्षा पातळ निघाली तर तुळईवर प्लायची पट्टी घाला. फळ्या आठवडाभर त्याच खोलीत ठेवा, नाहीतर बसवल्यावर आकसून फटी पडतील. २० मिमीच्या फळीला ५० मिमीचे स्क्रू, प्रत्येक तुळईवर दोन, कडेपासून २० ते २५ मिमी आत, आधी भोक पाडून. फळ्यांऐवजी चिपबोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला बोर्ड) वापरत असाल तर तुळया ४५० मिमी अंतरावर असताना १८ मिमी आणि ६०० मिमी अंतरावर असताना २२ मिमी जाडी घ्या.

भिंतीखालचा तुकडाच कुजला असेल तर आधी ओल कुठून येते ते शोधून बंद करा. तो एका वेळी दोन तुळयांमधल्या अंतराइतकाच काढा, त्याच जाडीचं लाकूड तळपट्टीखाली पाचर मारून घट्ट बसवा, आणि मगच पुढच्या तुकड्याला हात लावा.