पडवीची ओल शोधायची तर पावसातच

कोकणात घराची कामं मे महिन्यात निघतात, आणि पडवीच्या ओलीच्या बाबतीत नेमका हाच महिना फसवतो. भिंत ठणठणीत कोरडी असते. गवंडी येतो, सुटलेला गिलावा खरवडून नवा चढवतो, वर वॉटरप्रूफचा हात मारून जातो. आर्द्रा लागली की त्याच जागी पुन्हा काळे ठिपके. आमच्या देवगडकडच्या घरात हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा गवंड्याला निरोप धाडणार, तेवढ्यात शेजारचे आबा म्हणाले, "पाणी खयसून येता ता आधी बघ, मगे सिमेंट." त्या पावसाळ्यात पडवीची जी पाहणी केली, तिचीच ही तयारी.

मृगाआधी हाताशी ठेवा: वही, पेन्सिल, मोजपट्टी, चांगली बॅटरी, जुना स्क्रूड्रायव्हर, जाड पारदर्शक प्लास्टिकचे दीड-दीड फुटांचे दोन-तीन चौकोनी तुकडे आणि रुंद चिकटपट्टी. पडवीच्या भिंतीला टेकून रचलेली लाकडं, शेणी, नारळ हातभर पुढे ओढा. त्यांच्यामागे वारा फिरत नाही आणि बुरशी तिथूनच सुरू होते. ओल्या भिंतीवर विजेचा बोर्ड असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. बुरशी सुकी खरवडू नका. नाकातोंडाला फडकं बांधून ओल्या कापडाने पुसा, घरात कुणाला दमा असेल तर नक्कीच.

आता भिंत वाचायची. पांढरी भुकटी दिसली तर चिमूटभर पाण्यात टाकून बघा. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतलं पाणी बाहेर येताना मीठ मागे ठेवून गेलंय. हिरवं शेवाळ धरलं असेल तर तिथे पाणी आणि उजेड दोन्ही पोचतात. काळ्या बुरशीला मात्र कोंदट दमट हवाही पुरते, म्हणून दाराआडच्या कोपऱ्यात काळं दिसलं की लगेच गळतीवर खापर फोडू नका.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट पेन्सिल. ओलीच्या कडेने रेघ मारा, बाजूला तारीख घाला, दर आठवड्याला पुन्हा. जमिनीलगत सलग पट्टा दिसला आणि तो दोन-तीन फुटांवर थांबला, तर पाणी खालून चढतंय. वरून ओघळ असेल तर कौलं बघा. नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर वारा-पाऊस झाला की ओल आणि उघडीप पडली की सुकली, तर ती झड. कौलं बघताना दिवसा पडवीतला दिवा बंद करून वर पाहा, फुटक्या जागी उजेडाचा ठिपका दिसतो. थेंब जिथे पडतो त्याच्या बरोबर वर फट असेलच असं नाही. पाणी वाशावरून हातभर सरकून मग टपकतं. पुढच्या पत्र्याच्या शेडचा आणि कौलांचा सांधा मुद्दाम तपासा. वाशाच्या टोकात स्क्रूड्रायव्हर सहज रुतला तर लाकूड आतून गेलंय.

आमचं कारण यातलं काहीच नव्हतं. आषाढात एका रात्री पडवीच्या पायरीवर बसून मी बॅटरी खाली धरली. पागोळीचा प्रत्येक थेंब खळ्यातल्या, म्हणजे पुढच्या अंगणातल्या, कोब्यावर आपटून उडत होता आणि थेट जोत्यावर बसत होता, दीड फूट वर. भिंतीवरचा पट्टाही तेवढाच! चार वर्षांपूर्वी चिखल नको म्हणून आम्ही खळ्यात कोबा केला होता. आधी तिथे माती होती, ती थेंब झेलत होती. शिवाय पाणपातळीची नळी लावली तर कोब्याचा उतार घराकडेच निघाला. तुमच्याकडेही नवा कोबा किंवा लाद्या झाल्या असतील तर ही तपासणी सगळ्यांत आधी करा. आम्ही पागोळीखालचा दीड फूट पट्टा फोडून खडी भरली आणि वळचणीला पन्हळ लावली. पुढच्या पावसाळ्यात ओल रेघेच्या वर आली नाही.

उघडीप मिळाली की प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या बाजूला जमलं तर ती हवेतली. गुळगुळीत लादीला घाम सुटतो तो याच दुसऱ्या प्रकारातला. त्याला वारा खेळता ठेवणं हाच उपाय. झडीसाठी पडवी प्लास्टिकने गच्च बांधली असेल तर उघडीप पडताच ते वर गुंडाळा.

एक कारण आपल्या किनाऱ्यावर हमखास सुटतं: न धुतलेली खाडीची रेती. तिच्यातलं मीठ गिलाव्यात राहतं, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढतं. पाऊस नसतानाही, नुसत्या दमट दिवशी भिंत ओली दिसली तर ही शंका घ्या, आणि रेती कुठून आली होती ते घरातल्या जाणत्यांना विचारा. न्हाणीची भिंत पडवीला लागून असेल तर दोन दिवस तिथलं पाणी बंद ठेवून फरक पाहा.

गणपती तोंडावर आले की रंगाची घाई होते, मुंबईची माणसं येणार असतात. तरी ओल्या भिंतीवर ऑइल पेंट लावू नका. भिंतीतला जांभा दगड पाणी घेतो तसा सोडतोही. वर जाड सिमेंट किंवा ऑइल पेंट बसला की त्याची सोडायची वाट बंद होते आणि पापुद्रे निघतात. चतुर्थीला पांढरं दिसायलाच हवं असेल तर चुन्याचा हात द्या.

गवंड्याला दिवाळीनंतर बोलवा आणि वही त्याच्या हातात द्या: कुठली भिंत, किती उंची, कुठल्या तारखा. गिलाव्याचं काम त्याला सांगू नका, आधी पाण्याची वाट बंद करायला सांगा. जुना गिलावा आणि त्यावरच्या रेघा एक पावसाळा तशाच ठेवा.