बारवरचं वजन वाढत नाही? ताकदीच्या व्यायामात या चुका टाळा

सोमवारी संध्याकाळी कुठल्याही जिममध्ये जा. बेंचपाशी (आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा बाक) रांग आणि स्क्वॉटचा (खांद्यावर बार घेऊन उठबस) रॅक मोकळा. सोमवार छातीचा, मंगळवार पाठीचा, शनिवार पायांचा, आणि नेमकी शनिवारीच दांडी. ताकद कमवायला आलेल्या नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. आठवड्यातून एकदा स्क्वॉट मारला तर महिन्यात हात फिरतो चारच वेळा. सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायू फारसे वाढत नसतात. मज्जासंस्था त्यांच्याकडून जास्त काम करून घ्यायला शिकते, म्हणून वजन चढतं. हे शिकणं वरचेवर सराव केल्याशिवाय होत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या नवख्याला मी सोम-बुध-शुक्र देतो. तिन्ही दिवस स्क्वॉट. बेंच आणि खांद्याचा प्रेस, म्हणजे उभं राहून बार डोक्यावर ढकलणं, आलटून पालटून. शिवाय ओढण्याचा एक व्यायाम. रिकाम्या बारने अंग गरम करायचं, मग पाच-पाच रेप्सचे तीन जड सेट, म्हणजे सलग पाचदा उचलायचं, थांबायचं, असं तीनदा. डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं) आठवड्यातून एकदा, जड सेट एकच. "सर, एवढंच?" असं प्रत्येक जण विचारतो. हो, एवढंच. थॉमस डिलॉर्म हे अमेरिकी लष्करातले डॉक्टर १९४५ च्या सुमारास जखमी सैनिकांकडून जड वजनाचे व्यायाम करून घेत. आधी ते एकेका व्यायामाचे ७० ते १०० रेप्स सांगायचे. १९४८ पर्यंत ते २० ते ३० वर आले, कारण तेवढ्यात काम होत होतं. आपल्याकडची पोरं मात्र पहिल्याच महिन्यात छातीचे वीस सेट मारतात आणि दुखऱ्या अंगालाच प्रगती समजतात.

दुसरी चूक दर आठवड्याला मॅक्स मारण्याची, म्हणजे एकदाच जास्तीत जास्त किती उचलतं ते बघण्याची. कॉलेजातला एक मुलगा यायचा, बेंचवर शंभर किलोचं वेड घेतलेला. दर शनिवारी मित्र गोळा करून मॅक्स. ७५ वर अडकला होता. पार्टनर "उचल, तुझाच आहे" म्हणत बार वर ओढायचा, याची कंबर बेंचवरून वीतभर सुटलेली. महिनोन्‌महिने आकडा तोच. शेवटी डावा खांदा इतका धरला की टी-शर्ट डोक्यावरून काढता येईना.

आधी त्याला फिजिओकडे पाठवला. दुखणं गेल्यावर बारवर ५५ किलो लावले. तो चिडला, म्हणाला एवढं तर मी वॉर्म-अपला मारतो. तरी तिथूनच सुरू केलं. आठवड्यातून दोनदा बेंच, पाचाचे तीन सेट, दर आठवड्याला फक्त अडीच किलो जास्त. सातव्या आठवड्यात ७० किलोचे तिन्ही सेट पूर्ण झाले. पाय जमिनीवर, कंबर बेंचवर, बारला कुणाचा हात नाही. मॅक्सच्या प्रयत्नात सराव होतो एका रेपचा आणि पुढचे दिवस अंग आंबलेलं राहतं. तीन-चार महिन्यांतून एकदा मारा, पुरे.

बऱ्याच जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की उडी थेट पाच किलोंची, आणि खांद्याचा प्रेस तिथेच बसतो. सव्वा किलोची जोडी विकत घ्या. माझ्या बॅगेत ती कायम असते, वहीसोबत. वहीत तारीख, वजन, रेप्स. फोनवर नोंदी ठेवणारे दोन सेटच्या मध्ये रील्स बघत बसतात, म्हणून मी वहीच सांगतो.

जड सेटनंतर तीन मिनिटं थांबा; पळापळ केली तर पुढच्या सेटला दम आधी संपतो, पाय नंतर.

प्रत्येक सेट हात थरथरेपर्यंत ओढू नका. एखादा रेप शिल्लक असताना बार ठेवा.

दर पंधरा दिवसांनी नवा प्रोग्रॅम शोधू नका. निदान तीन महिने एकच धरा.

तीनदा ओळीने तेच वजन अडलं, तर दहा टक्के कमी करून पुन्हा चढा.

पहिल्याच दिवशी अति केल्यावर लघवी कोल्ड्रिंकसारखी काळपट झाली, तर ताबडतोब डॉक्टरकडे जा. तुटलेल्या स्नायूंचा भार किडनीवर येतो.

गणपतीत किंवा परीक्षेत दोन-तीन आठवडे खंड पडला, तर परत आल्यावर वहीतलं शेवटचं वजन लावू नका. त्याच्या ऐंशी टक्क्यांपासून सुरू करा आणि पहिले दोन दिवस दोनच सेट मारा.