जुन्या फोर बाय फोर पिकअपला मोठे टायर टाकताय? आधी गाडीखाली वाकून बघा

मोठ्या टायरने गाडी उंच होते हे खरंय, पण किती ते दुकानात जायच्या आधी कागदावर काढा. टायरच्या बाजूवर 215/75 R15 असं काहीतरी लिहिलेलं असतं, बोलेरोवाल्यांना हा साईझ तोंडपाठ. 215 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची त्याच्या 75 टक्के म्हणजे 161, आणि 15 इंची रिम म्हणजे 381 मिमी. दोन्ही बाजू धरून 322 अधिक 381, झाले 703. त्याजागी 235/75 R15 घेतला तर 733. फरक 30 मिमीचा, पण गाडी वर जाते त्याच्या निम्मीच, दीड सेमी. 31 इंची टायर, म्हणजे एकूण उंचीच 31 इंच, टाकला तर चार सेमी, बस्स. आपल्या कोकणात आंब्याच्या बागेतल्या पाणंदीत दीड सेमीनेही डिफचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलचा) गोळा कातळावर घासायचा वाचतो हे मान्य, पण चार सेमीसाठी किती खर्च आणि किती ताप होतो ते पुढे वाचा आणि ठरवा.

ताप पहिला गिअरिंगचा. चाक मोठं झालं की तेवढीच ताकद जास्त घेरावर खर्च होते. 235 ला साधारण 4 टक्के फरक पडतो, मीटरवर 60 दिसतं तेव्हा गाडी साडेबासष्टने चाललेली असते, चालतंय. 31 इंचीला मात्र तोच फरक 12 टक्क्यांवर जातो, मीटरवर 60 तेव्हा खरे 67, आणि माल भरून करूळ नाहीतर आंबा घाट चढताना जिथे सेकंड ओढायचा तिथे फर्स्ट टाकावा लागतो, ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर खेळत बसतो आणि क्लच प्लेट जळाल्याचा वास केबिनमध्ये. ब्रेकचंही तेच, जड मोठं चाक थांबवायला मागचे जुने ड्रम कमी पडतात. माझं मत विचाराल तर कामाच्या गाडीला एक साईझ वर, त्यापुढे नाही.

आता गाडीखाली. समुद्राजवळच्या गाडीचं वय आरसी बुकावर नसतं, चॅसीवर असतं. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे पाटे चॅसीला टांगतात तिथे, लाल माती अडकून राहते, पावसाळाभर ओली राहते, आणि आतून लोखंड खाते, वरून रंग झकास. छोटी हातोडी घेऊन चॅसीवर ठोकत जा, जिथे टणटण आवाज येतो तिथे ठीक, जिथे थबथब येतो किंवा पापुद्रे पडतात तिथे आधी वेल्डिंगवाल्याकडे जा, टायर नंतर. मग पुढचं चाक जॅकवर उचला. जॅकखाली फळी ठेवा, नाहीतर आपल्या मातीत जॅकच खाली जातो, आणि मागच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. चाक वरून-खालून धरून हलवा, खेळतंय म्हणजे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय. डावी-उजवीकडून धरून खेळतंय म्हणजे टाय रॉडचे एंड. हे सगळं आधी नीट करून घ्या, कारण जुन्या टायरला जो प्ले कळतपण नव्हता तो मोठ्या टायरला स्टिअरिंग थरथरवून दाखवतो.

घासतं कुठे हे बघायची सोपी पद्धत म्हणजे चारही टायर विकत घ्यायच्या आधी कुणा ओळखीच्याकडून त्या साईझचं एक चाक तासाभरासाठी मागून आणा. पुढे लावा, टायरच्या दोन्ही खांद्यांना ओला चुना फासा, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे फुल लॉक करून गाडी हळू पुढे-मागे घ्या. मग एक बळकट चिरा (जांभा दगड) त्याच चाकाखाली घेऊन चाक वर चढवा, म्हणजे पाटा नाहीतर सस्पेन्शन दाबलं जाईल, आणि तसंच परत लॉक टू लॉक. गाडी सपाटीवर उभी असताना जागा भरपूर दिसते, खरी गोष्ट चाक वर दबल्यावरच कळते. मडगार्डच्या प्लास्टिकवर, बंपरच्या कोपऱ्यावर, चॅसीच्या आतल्या बाजूला कुठे पांढरा पट्टा उमटला ते मोबाईलच्या टॉर्चने बघा. ब्रेकचा रबरी पाइप तर नक्की बघा, तिथे पांढरं लागलं असेल तर तो साईझ विसरा. प्लास्टिक असेल तर हीट गनने मागे दाबता येतं. पत्रा कापायची वेळ आली तर कापलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर आणि रंग, उद्या करू म्हणालात तर पहिल्या पावसातच गंज धरेल.

स्वस्तातले स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मधल्या चकत्या, लावून चाक बाहेर काढायचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. नको. जास्तीचा ताण बेअरिंगवर आणि स्टडवर येतो. रिमची रुंदी पण बघा, 235/75 ला 6 इंची रिम पुरते पण 31×10.5 ला (31 इंची, साडेदहा इंच रुंद) किमान 7 लागते, म्हणजे रिमचा खर्च वेगळा.

टायर घेताना बाजूवरचा लोड इंडेक्स वाचा, पिकअपला हेच महत्त्वाचं. 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 104 म्हणजे 900, 109 म्हणजे 1030. जुन्या टायरपेक्षा कमी आकडा कधीच नको, दिसायला कितीही दणकट असो. तारीख चार आकड्यांत असते, 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. नक्षी ऑल टेरेनचीच, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारी, घ्या. मड टेरेन, म्हणजे खोल खाचांचा चिखलाचा टायर, चिखलात भारी वाटतो पण ओल्या डांबरावर, घाटातल्या वळणावर घसरतो आणि आपल्याकडे पावसाचे चार महिने डांबर ओलंच. पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) गाडी घालायची हौस असेल तर ती सोडा, खारं पाणी चॅसीला लागतं ते लागतंच, वर वेळास-आंजर्ल्यासारख्या ठिकाणी कासवांची घरटी असतात.

चारही टायर एकाच साईझचे, एकाच कंपनीचे, एकदमच बदला. पुढे नवे मागे जुने असं केलं आणि फोर व्हील टाकलं की ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, ताण बसतो, लिव्हर अडकतो, आतले गिअर खराब होतात. स्टेपनी पण त्याच साईझची, आणि ती बॉडीखालच्या हुकात बसते का ते आधीच बघा.

कागदाची बाजू अशी की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातली नोंद कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी पडेल असा बदल चालत नाही. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने जो साईझ दिलाय तोच धरा, आणि पिवळी नंबर प्लेट असेल तर एमएच 07 (सिंधुदुर्ग) असो की 08 (रत्नागिरी), पासिंगच्या आधी आरटीओत विचारून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

बसवून झाल्यावर बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि 50-100 किलोमीटर फिरून नट परत पान्याने आवळायचे, हे बरेच जण विसरतात. हवा दाराच्या स्टिकरवरच्या आकड्यापासून सुरू करा, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची वेगळी. काढलेले टायर अंगणात टाकू नका, पावसात पाणी साठून डास होतात. जेटीवर न्या, बोटीच्या कडेला बांधायला कुणीतरी घेतोच.