मांजरपाट एकाच तपेल्यात धुवून पांढरा कसा करायचा

मांजरपाट (कोरं, न धुतलेलं सुती कापड) आणून डायरेक्ट रंगात टाकला की डाग डाग येणारच, कारण कोऱ्या कापसात मेण असतं, पेक्टिन असतं, सरकीचे कण असतात आणि वरून ताण्याला (उभ्या धाग्यांना) लावलेली स्टार्चची खळ. पूर्वी मिलमध्ये खळ काढणं, कॉस्टिकमध्ये (कॉस्टिक सोड्यात) उकळणं आणि ब्लीच असे तीन वेगळे टप्पे असायचे, हायड्रोजन पेरॉक्साइडने शेवटचे दोन एकत्र होतात, खळ मात्र आधीच काढायची. अमायलेझ (स्टार्च तोडणारं) एन्झाइमच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, मग धुवून कापडावर आयोडीनचा थेंब टाका, निळा झाला तर खळ आहे अजून.

आता 1 किलो कापडाला 20 लिटर पाणी. तपेलं स्टीलचंच हवं, अॅल्युमिनियमचं अजिबात नको, कॉस्टिक त्याला खातो. पाण्यात वेटिंग एजंट (कापडात पाणी लवकर मुरवणारं द्रव्य) 20 ग्रॅम, सोडियम सिलिकेट 60 ग्रॅम, मग कॉस्टिक 40 ग्रॅम (वेगळ्या थंड पाण्यात थोडा थोडा विरघळवून), मग कापड, आणि 50 टक्केवालं पेरॉक्साइड 100 ग्रॅम सगळ्यात शेवटी. सिलिकेट विसरू नका, त्याच्याशिवाय पेरॉक्साइड भराभर फुटून जातं आणि कापड पिवळंच राहतं. हातमोजे आणि चष्मा घालाच, हे पेरॉक्साइड कातडीला लागलं की जागा पांढरी पडून चरचरते.

हळूहळू तापवा, उकळी यायच्या जरा आधी आच कमी करून एक तास ठेवा. कापड पूर्ण बुडालेलं राहू द्या, वर आलेला भाग हवेने कमजोर होतो. झाकण ठेवा पण घट्ट बसवू नका, आतून गॅस निघतो.

आणि लोखंड! इंदुरात ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी हे नीट वाचा, शक्यतो नळाला येणारं नर्मदेचंच पाणी वापरा. बोअरचं पाणी जड असतं, वर पाइप गंजका असला की गंजाचे कण येतात, आणि जिथे कण चिकटतो तिथे पेरॉक्साइड एकदम जोरात फुटून धागाच जाळतं. मी एकदा कापड खाली दाबायला गंजकी तार वापरली होती, बाहेर काढलं तेव्हा छान पांढरं दिसलं, पण पिळताना तारेच्याच रेषेवर सुईच्या टोकाएवढी भोकं पडली, सहा मीटर वाया. तेव्हापासून आधी उजेडात धरून बघतो, गंजाचा डाग दिसला तर तो काढूनच पुढे जातो.

तास झाला की लगेच थंड पाणी ओतू नका, सुटलेलं मेण परत कापडावर बसतं. आधी दोनदा गरम पाण्याने धुवा, मग थंड, शेवटी थोड्या व्हिनेगरच्या पाण्यातून काढा म्हणजे कॉस्टिक मरतो. पेरॉक्साइड उरलं तर रिअॅक्टिव्ह रंग (सुती धाग्याशी रासायनिक जोडला जाणारा) फिका येतो, म्हणून धुण्यात घाई नको. वाळल्यावर ताणून धरा आणि पाण्याचा एक थेंब सोडा, मोत्यासारखा थांबला तर मेण राहिलंय, परत उकळा, पाच सेकंदांच्या आत पसरून शोषला गेला तर कापड रंगायला तयार आहे.