गावच्या खेळांचा इतिहास लिहायचाय? मग आधी भांडण कधी झालं ते विचारा

दोन वर्षांमागं आमच्या यात्रा कमिटीनं स्मरणिका काढायची ठरवली आणि "गावचे जुने खेळ" ही चार पानं माझ्या गळ्यात मारली. मला वाटलं दोन दिवसांचं काम, गेलं सहा महिन्यांवर. आता आजूबाजूच्या गावातली पोरं विचारतात कसं केलं, कुणाला विचारलं, कागद कुठं मिळाले, तर म्हटलं एकदाच लिहून टाकावं. आमचं गाव कराडच्या अंगाला, पण तुमचं वाळवा, तासगाव, खटाव, माण कुठलंही असू दे, रीत तीच.

पहिली माझी चूक सांगतो म्हणजे तुमचा महिना वाचेल. मी वही-पेन घेऊन तात्यांकडं गेलो आणि विचारलं, "तात्या, आपल्या गावात पूर्वी कुठले कुठले खेळ होते?" तात्या म्हणाले, "सगळंच हुतं की." झालं, चहा पिऊन घरी आलो. असं चार घरी झालं. पाचव्या दिवशी सहज तोंडातून गेलं, "यात्रेच्या मैदानात कधी भांडणं झालीवती का ओ?" तर तात्या खाटेवर मांडी घालून बसले ते दीड तास उठले नाहीत. कुठली कुस्ती पंचांनी बरोबरीत सोडवली, लोकं कशी आत घुसली, इनाम कुणाकडं अडकलं, हलगीवाल्यानं मधेच वाजवायचं कसं थांबवलं... आणि त्या एका भांडणात मला काय काय मिळालं बघा, पंच कुठल्या भावकीतनं घ्यायचे, इनामाचे पैसे कोण गोळा करायचं, बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी आणि मोठी जोड दिवस मावळताना, निकाल लागेपर्यंत सोडवायचीच नाही हा जुना दंडक कधी मोडला, सगळं न विचारता. माणसाला नियम सांगा म्हटलं की सांगता येत नाही, नियम कुणी मोडला ते मात्र बरोबर आठवतं.

हे नुसतं आपल्याकडंच असं नाही. इंग्लंडच्या शेजारी वेल्स म्हणून छोटा देश आहे, तिथं पश्चिमेकडं क्नापन नावाचा खेळ होता, गाव विरुद्ध गाव. लाकडाचा चेंडू, हाताच्या मुठीत मावेल एवढा, आणि तो निसटावा म्हणून मुद्दाम चरबीत उकळलेला. वर फेकायचा आणि मग जो धरेल त्यानं पळत आपल्या गावाच्या हद्दीकडं न्यायचा, माणसं किती याला काही माप नाही, कधी शेकड्यांनी, वर घोड्यावरचे लोक काठ्या घेऊन वेगळेच. अंगातले कपडे फाटतात म्हणून आधीच काढून ठेवायचे, आपल्या लंगोटासारखंच म्हणा ना. हे सगळं आज माहीत आहे कारण जॉर्ज ओवेन नावाच्या तिथल्याच एका जमीनदारानं १६०३ साली ते लिहून ठेवलं, आणि तो काय लांबून बघणारा नव्हता, स्वतः खेळून अंगावर वण घेतलेला माणूस होता. जवळपास पावणेचारशे वर्षांनी, १९८५ ला, न्यूपोर्ट आणि नेव्हर्न या शेजारच्या दोन गावांनी तो खेळ परत खेळायला काढला आणि दहा वर्षं चालवला. आता विचार करा, ओवेननं "आमच्याकडं चेंडूचा एक मर्दानी खेळ होता" एवढंच लिहिलं असतं तर त्यांनी काय खेळलं असतं? म्हणून चेंडू कशात उकळायचे ते लिहा. म्हणजे आपल्या भाषेत, तालमीतल्या कुस्तीच्या हौदातल्या मातीत काय काय घालायचे ते लिहा, ताक किती, तेल कुठलं, हळद, लिंबू, कापूर, आणि ते कुणाच्या घरून यायचं. आमच्याकडं ताक एका ठरलेल्या घरातनंच यायचं आणि तो मान होता, हे मला शेवटच्या आठवड्यात कळलं, तेही त्या घरातल्या काकूंकडनं, तालमीतल्या एकाही गड्यानं सांगितलं नव्हतं.

आता साल. "कितव्या साली?" असं कुणालाच विचारू नका, उगंच ठोकून काहीतरी सांगतात आणि तुम्ही छापून बसता. घटना विचारा. आपल्या भागात लय सोपं आहे, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, तो माहीत नसलेला म्हातारा माणूस सापडणार नाही. "ही कुस्ती भूकंपाच्या आधीची का नंतरची?" "बहात्तरच्या दुष्काळात यात्रा भरली का?" "नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या वेळेला तालीम चालू होती का?" असं विचारलं की साल आपोआप दोन खुंट्यांच्या मधे येतं. नाहीतर लग्न विचारा, "तुमच्या लग्नाच्या आधी का नंतर", बायकांना तर हेच विचारायचं.

सांगली जिल्ह्यातल्यांसाठी एक महत्त्वाचं, कारण यात मी स्वतः नाही पण माझा मेव्हणा अडकला होता. त्याला जुना कागद सापडला, वर "दक्षिण सातारा" लिहिलेलं, तो म्हणाला हा आपला नाहीच. अरे आपलाच आहे! १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली केलं. त्याच्या आधी वाळवा, तासगाव, खानापूर हे साताऱ्यात होते आणि सांगली, मिरज, जत ही संस्थानं वेगळी. म्हणून शिराळ्याच्या किंवा विट्याच्या माणसानं जुनं शोधायचं तर सातारचं बघायचं, १८८५ सालचं सातारा गॅझेटियर, म्हणजे सरकारनं काढलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, आहे ते आधी चाळायचं. त्यात तुमच्या गावाच्या खेळाबद्दल कदाचित एक ओळ सुद्धा नसेल, पण यात्रा कधी भरायची, बाजार कुठला, एवढं कळलं तरी पुढचं विचारायला धागा मिळतो.

कागदात सगळ्यात भारी काय निघालं तर यात्रा कमिटीची जमाखर्चाची वही. कुणी इतिहास म्हणून बघत नाही तिच्याकडं, पण इनामाला किती, हलगी-कैताळवाल्यांना किती, नारळ किती, मंडप का नाही, सगळं रोख. दरवर्षीचं पहिल्या कुस्तीचं इनाम नुसतं ओळीनं लिहून काढलं तरी गावाची गोष्ट दिसते. दुसरं म्हणजे कुस्त्यांची हँडबिलं. ती गुलाबी-पिवळ्या कागदाची, जोडी लिहिलेली. ही कपाटात नसतात, ट्रंकेच्या तळाला अंथरलेली असतात, नाहीतर देवळातल्या पेटीत. तिसरं ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, म्हणजे घर-जागांच्या कराची नोंदवही, त्यात तालमीची जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा, आमच्याकडं त्यावरनं अजून कुजबुज चालूय त्यामुळं ते मी छापलं नाही, तुम्हीही जपून. आणि फोटो घरी घेऊन जाऊ नका, तिथंच उजेडात मोबाईलवर काढा. मी एकांना ओरिजिनल फोटो स्कॅनला द्यायला लावला, दुकानदारानं हरवला, अजून मला त्या घरात चहा मिळत नाही.

मग चालायला जायचं. कुणीतरी सत्तरीच्या पुढचा घ्या आणि संध्याकाळी गावाभोवती फिरा, "मैदान कुठं भरायचं" विचारत. आमचं मैदान तीनदा हललं. कारण साधं आहे, चैत्रात यात्रा, तेव्हा रब्बी निघालेली, रान मोकळं, कुणाचंही रान मैदान व्हायचं. पाणी आलं, ऊस आला, ऊस बाराही महिने उभा, मग मैदान सरकत सरकत ओढ्याकाठी आणि शेवटी शाळेच्या ग्राउंडवर. हे कुठल्या कागदात मिळणार नाही. फिरताना तालमीच्या मागं पडलेली दगडी गुंडी दिसली, यात्रेत उचलायची ती, सगळे म्हणायचे दोन मणाची, आम्ही चौघांनी टेम्पोत घालून धान्याच्या काट्यावर ठेवली तर ६१ किलो भरली. म्हणजे मण चाळीस किलोचा धरला तर दीडच मण. तात्या अजून काटाच खोटा म्हणतात. मी दोन्ही लिहिलं. देवळाच्या पायऱ्या आणि नदीचा घाट पण नीट बघा, पाणी मारून तिरप्या उन्हात, वाघबकरीचे किंवा नवकंकरीचे पट कोरलेले असतात बऱ्याच ठिकाणी, लोकं त्यावरच चपला काढतात.

खेळातले शब्द जसेच्या तसे घ्या, शुद्ध करायच्या भानगडीत पडू नका. विटीदांडूचं मोजायचं वकट, लेंड, मुंड, नाल तुम्ही पण म्हटलं असेल, आता तेलुगूत एक ते चार म्हणून बघा, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आपण लहानपणी धुळीत उभं राहून तेलुगू मोजत होतो आणि मास्तरांना पण माहीत नव्हतं! पुढचे आकडे गावागावात बदलतात, विटी कुठं पायावर ठेवतात, कुठं मुठीवर, कुठं डोळ्यावर, म्हणून शेजारच्या वाडीतलं पण विचारा. तसंच सूरपारंब्या, हुतुतू, आट्यापाट्या, लगोरी, गजगे, भोवऱ्याची जाळी आणि आर. शर्यतीवाल्यांकडं तर वेगळीच भाषा, चाकोरी, गट, सेमी, फायनल, आदत बैल. बैलगाडी शर्यतीचं लिहिताना एक करा, २०१४ च्या बंदीआधीचं आणि डिसेंबर २०२१ ला परत परवानगी मिळाल्यानंतरचं वेगवेगळं लिहा, कारण मधल्या सात वर्षांत लोकांच्या डोक्यात दोन्हीची भेळ झालीय आणि आजचे नियम आजोबांच्या तोंडी घातले जातात.

बायकांचं काम बायकांनीच करावं असं माझं मत झालंय. मी विचारायला गेलो तर "आमचं कसलं खेळ" म्हणून पदर सावरून आत. माझी चुलत बहीण पंचमीला माहेरी आलेली, तिला मोबाईल दिला, तिनं एका रात्रीत झिम्मा, फुगडीचे प्रकार, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं, गाण्यांसकट आणलं. आणि तिनंच एक गोष्ट पकडली जी मला सुचली नसती, प्रत्येकीला विचारलं "हे कुठं शिकलीस?" तर उत्तर येतं माहेरचं गाव. म्हणजे आमच्या गावातली एक फुगडी माणदेशातनं आलेली, एक गाणं जतकडचं. गड्यांचे खेळ गावातले, बायकांचे खेळ सोयरिकीच्या वाटेनं आलेले. एक नकाशा काढा नुसता, मजा येते. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात, बोरीचा बार म्हणतात त्याला. असलं काही तुमच्याकडं असेल तर शिव्या गाळू नका हो, छापायच्या नसतील तर नका छापू, पण वहीत ठेवा. आणि तालमीत पोरी कधीपासून यायला लागल्या ते पण लिहा. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ ला सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं मारली, तर त्याच्या आधी तुमच्या गावात कुणाच्या पोरीनं पहिल्यांदा लांग बांधली तिचं नाव आज सहज मिळेल.

खेळ बंद का पडला हे विचारताना "मोबाईलमुळं" हे उत्तर पहिल्या झटक्यात येतं. ते लिहून घ्या आणि पुढं विचारा, कारण आट्यापाट्या मोबाईल यायच्या वीस वर्षं आधी बंद पडलेल्या असतात. वेल्समध्ये बघा, लांडिसुल आणि लानवेनोग या दोन गावांची जुन्या पंचांगाच्या नववर्षाला चेंडूची झुंज व्हायची, मारामाऱ्या फार, तर १८३३ ला तिथल्या पाद्र्यानं तिच्या जागी चर्चच्या पोरांची बायबल पाठांतराची स्पर्धाच सुरू केली. आपल्याकडं कधी पोलीस पाटलानं मैदान बंद केलेलं असतं, कधी दोन भावक्यांत फाटलेलं असतं, कधी वस्ताद वारले आणि पुढं कुणी उभं राहिलं नाही. आमच्याकडं तालमीवर पत्रा टाकायला पैसे जमले, मग तिथंच रेशन दुकान आलं, एवढंच कारण. लागले मला चार महिने ते बाहेर काढायला.

मोठ्या नावांबद्दल. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मारलं, कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर तुमची चार पानं घालवू नका. पण "खाशाबा आमच्या मैदानात खेळून गेलेत" हे प्रत्येक गावात ऐकायला मिळतं, कराडच्या आसपास तर हमखास. खोटं असेलच असं नाही, पण हँडबिल, फोटो, नाहीतर एकमेकांशी न बोललेले दोन म्हातारे, यातलं काहीतरी मिळाल्याशिवाय छापू नका. मिळालं नाही तर "असं सांगतात" एवढं लिहा.

रेकॉर्डिंग करताना पंखा बंद. मी ऐकलं नाही, तीन तासांत नुसता घर्रर्र आवाज आहे. फाईलला लगेच नाव द्या, वाडी, तारीख आणि खेळ, नाहीतर महिन्यानं शंभर फाईली आणि कोण बोलतंय कळत नाही. आणि बोलणाऱ्याला आधी विचारा, नाव घालू का.

सगळं लिहून झालं की लगेच प्रेसला पळू नका. एका संध्याकाळी पारावर बसून मोठ्यानं वाचून दाखवा. मी वाचायला लागलो, दुसऱ्याच परिच्छेदाला मागनं आवाज आला, "आरं ती कुस्ती बरोबरीत न्हाय सुटली, चितपट झालीवती, म्या हुतो तितं," लगेच तात्या उठले, "तू हुतास म्हंजी, तू त्यावेळी शेंबडा हुतास," आणि मग जे सुरू झालं ते रात्री साडेदहापर्यंत. मी फक्त रेकॉर्डिंग चालू ठेवलं. त्यातनं अजून दोन पानं निघाली.